लॉन वाळलं, माळ उगवला: जुळे सोलापुरातल्या एका ओपन स्पेसची केस स्टडी

गेल्या दोन वर्षांत आमच्या कॉलनीची ओपन स्पेस बघायला बरेच लोक येऊन गेले, आणि प्रत्येकाला मी तेच तेच सांगते आणि सांगताना आमच्या चुका सांगायच्या राहून जातात, ज्या खरं तर सगळ्यात कामाच्या आहेत. म्हणून एकदाच सगळं सुरुवातीपासून लिहून काढते.

जागा जुळे सोलापुरात, साधारण 13 गुंठे. तीन बाजूंनी रस्ता, चौथ्या बाजूला नाला. खाली मुरूम, वर कुठं वीतभर काळी माती, कुठं तीही नाही, आणि आजूबाजूची घरं बांधताना लोकांनी टाकलेला राडारोडा. 2019 पर्यंत ती पडीकच होती. रुई, तरवड, एरंड, सराटे, गाजरगवत, मधे पोरांची क्रिकेटची पिच. मग दिवाळीनंतर वर्गणी काढून गार्डन करायचं ठरलं. जेसीबी आला आणि एका दिवसात सगळं सपाट झालं. वर लाल माती, त्यावर मेक्सिकन लॉन, कडेनं ड्युरांटा, दहा-बारा फॉक्सटेल पाम, पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक. वर्गणी मीही दिली होती आणि मनापासून दिली होती, कारण हिरवं दिसलं की चांगलं असंच मलाही वाटायचं.

सोलापुरात पाणी कसं येतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. चार-पाच दिवसांआड. मे महिन्यात पारा 44 च्या आसपास, घरातली पिंपं भरायची मारामार, तिथं लॉनला कोण पाणी घालणार. पहिला उन्हाळा टँकरवर निघाला, दुसऱ्या उन्हाळ्यात टँकरची वर्गणी बंद झाली आणि लॉन वाळलं. पाम त्याच्या आधीच गेले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. 2021 च्या पावसाळ्यात पोरांना फुलपाखराचं जीवनचक्र दाखवायला एक जिवंत सुरवंट पाहिजे होता. पूर्वी अशा वेळी मी याच पडीक जागेत जायचे, रुईचं पान उलटं केलं की सुरवंट मिळायचाच. त्या वर्षी दोन दिवस शोधून आख्ख्या कॉलनीत एक मिळाला, तोही मागच्या गल्लीतल्या अक्कांच्या कढीपत्त्यावर, आणि त्या तो चिरडायलाच निघाल्या होत्या. त्या दिवशी घरी येताना मला पहिल्यांदा कळलं की आपण वर्गणी काढून नेमकं काय केलं होतं.

फुलपाखरू फुलावर जगतं हे अर्धंच खरं आहे. मोठं फुलपाखरू मध कुठल्याही फुलाचा पिईल, परदेशी असलं तरी त्याला चालतं. पण अंडी घालायला मादीला ठरावीकच झाड लागतं, कारण तिची पिल्लं म्हणजे सुरवंट दुसरं काही खातच नाहीत. प्लेन टायगरला रुई लागते. कॉमन ग्रास यलो, ते छोटं पिवळं असतं ना, त्याला टाकळा. एमिग्रंटला तरवड आणि बहावा. कॉमन कॅस्टरला एरंड. बोरावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचं छोटंसं कॉमन पिएरो. कढीपत्ता आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन. कोरांटीवर पॅन्सी. काळ्या रानात बांधाला येणारी किडामार असते, तिच्यावर कॉमन रोज. आणि घोळ, जी आपण भाजी म्हणून खातो, तिच्यावर डॅनेड एगफ्लाय. ही यादी नीट वाचा, यातल्या निम्म्यापेक्षा जास्त गोष्टी आपण तण म्हणून उपटतो. आमच्या जेसीबीनं एका दिवसात जवळजवळ ही सगळी यादी खरवडून काढली होती.

मग काय करायचं यावर मीटिंग झाली. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं मियावाकी करू, घनदाट जंगल, दोन वर्षांत गच्च. माझा त्याला विरोध होता आणि आजही आहे, निदान इथं तरी. सोलापूर हा जंगलाचा मुलूखच नाही. वर्षाला साधारण 550 मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, जास्तीचा सप्टेंबरात. इथलं मूळ निसर्गाचं रूप म्हणजे माळरान. गवत, मधे मधे बोर, बाभूळ, हिवर, तरवडाची झुडपं, आणि उघडी मुरमाड जमीन. विश्वास बसत नसेल तर नान्नजला जाऊन या, 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं ते याच माळासाठी. माळावरच्या जीवाला ऊन लागतं, सुरवंट लहान लहान झुडपांवर आणि बुटक्या तणांवर वाढतात, दाट सावली केली की त्या वनस्पतीच राहत नाहीत. ज्या गावाला जंगल शोभतं तिथं जरूर करा. सोलापुरात आपलं फुलपाखरू परत आणायचं तर माळ परत आणावा लागेल, हे माझं ठाम मत आहे.

पहिलं वर्ष वाया गेलं

2022 च्या जूनमध्ये आम्ही नर्सरीतून फुलपाखरांसाठी म्हणून विकतात ती रोपं आणली. पेंटास, झिनिया, रंगीत घाणेरी. फुलपाखरं आली की! ऑगस्टमध्ये लोक फोटो काढायचे, सगळे खूश. पण मी रोज सकाळी पानं उलटी करून बघायचे, अंडं एक नाही. ती बाहेरून यायची, मध प्यायची, निघून जायची. आपण हॉटेल उघडलं होतं, घर नव्हतं बांधलं. उन्हाळ्यात ती रोपंही पाण्याअभावी गेली, घाणेरी तेवढी राहिली आणि तिनं नाल्याकडं पसरायला सुरुवात केली, ती आम्हाला नंतर मुळापासून खणून काढावी लागली.

म्हणून दुसऱ्या वर्षी काहीच विकत आणलं नाही. नोव्हेंबर ते जानेवारी पोरांना घेऊन बी गोळा केलं, होटगी रोडच्या कडेनं, रेल्वे लाइनच्या बाजूनं, एका विद्यार्थ्याच्या मामाच्या रानातून. तरवड, टाकळा, कुरडू, खुळखुळा, भुरुंडी, घोळ, कोरांटी, आणि गवतांत मारवेल, पवन्या, कुसळी. कागदाच्या पाकिटांवर नाव, जागा, तारीख लिहून ठेवली. रुईला काही करावंच लागलं नाही, जेसीबी फिरूनही मुळं जमिनीत होती, नुसतं उपटणं थांबवल्यावर ती आपोआप वर आली. वॉकिंग ट्रॅक अर्धा ठेवला, अर्ध्याचे पेव्हर काढले, त्याचं कारण पुढं येईल. झाडं फक्त चार लावली, दोन बोरं, एक हिवर, एक आपटा. नेपतीचं झुडूपही लावलंय पण ते फार सावकाश वाढतं, त्याच्यावर पायोनियर फुलपाखरू येतं का याची वाट बघायलोय.

मृगाचा पाऊस झाल्यावर बी फेकलं. पाणी एकदाही घातलं नाही.

इथं आमची मोठी चूक झाली ती सांगते. नाल्याकडच्या कोपऱ्यात जमीन फारच खराब म्हणून आम्ही दोन ट्रॉल्या शेणखत टाकलं. चांगल्या हेतूनं. जुलैअखेर त्या कोपऱ्यात कमरेएवढं गाजरगवत, दुसरं काही दिसेना, आणि मुरमाड भागात मात्र जिथं आम्ही काहीच टाकलं नव्हतं तिथं कुरडू, खुळखुळा, गवत सगळं छान विरळ विरळ आलेलं. माळावरच्या वनस्पतींना गरीब जमीन चालते, किंबहुना तीच त्यांची ताकद, जमीन सुपीक केली की दांडगट तणं येऊन त्यांना दाबतात. गाजरगवत हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून, फुलायच्या आत उपटावं लागलं कारण त्याची ॲलर्जी फार वाईट. उपटलेल्या जागी लगेच टाकळ्याचं बी दाट टाकलं. टाकळा गाजरगवताला मागं सारतो, आणि वर पिवळ्या फुलपाखरांची सोय होते. तीन पावसाळे झाले, तो कोपरा आता बराच सुधारलाय पण अजून पूर्ण नाही.

औषध

हे लिहिताना अजूनही वाईट वाटतं. ऑगस्ट 2023. रुईवर प्लेन टायगरचे सुरवंट आले होते, काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या. माझ्या वर्गातली पोरं रोज शाळा सुटली की मोजायला यायची. एका सदस्यांना वाटलं झाडांना कीड लागली, सगळी पानं कुरतडलेली, आणि त्यांनी माळीमामांकडून कीटकनाशक मारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली सगळे पडलेले. मुंग्या ओढून नेत होत्या. एक सहावीतली पोरगी तिथंच रडायला लागली आणि ते सदस्य बाहेर आले, बघत उभे राहिले, म्हणाले, "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं हो." त्यांचाही दोष म्हणता येत नाही. कुरतडलेलं पान म्हणजे आजारी झाड असंच आपल्याला शिकवलंय. कुरतडलेलं पान म्हणजे झाड आपलं काम करतंय, हे आम्ही कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर पोरांनी पाट्या केल्या. वनस्पतीचं मराठी नाव, तेलुगू नाव, कुठला सुरवंट हिच्यावर जगतो, आणि खाली मोठ्या अक्षरात "पानं खाल्लेली असणारच". माळीमामांशी बसून बोललो. ते म्हणाले, "मॅडम, मला कोण सांगितलंच नाही, मला सांगितलं तर मी राखीन की." आणि खरंच आज त्या जागेवर सगळ्यात जास्त नजर त्यांची असते. नवीन अंडी दिसली की मला फोन करतात.

साप, सराटे, शनिवार

तक्रारी भरपूर आल्या. साप येतील. डास होतील. कॉलनीची शोभा गेली. मेंटेनन्स कशाचा घेता मग. यातल्या कुठल्याही तक्रारीला मी हसण्यावारी नेलं नाही आणि कुणी नेऊही नये, लहान पोरं असलेल्या घराला सापाची भीती वाटणारच. उपाय साधा निघाला. रस्त्याच्या कडेनं पाच फुटांचा पट्टा आणि मधली पायवाट कायम कापलेली ठेवायची. आत गवत कितीही वाढू दे, कड स्वच्छ असली की बघणाऱ्याला कळतं हे कुणीतरी राखलंय, टाकून दिलेलं नाही. हा पट्टा कापायला लागल्यावर निम्म्या तक्रारी थांबल्या. सराट्यांनी पोरांच्या सायकली पंक्चर व्हायला लागल्या तेव्हा वाटेवरचे सगळे काढले आणि नाल्याकडं एक वाफा तेवढा सोडला, कारण बारीक निळी फुलपाखरं, ग्रास ब्लू, त्याच्यावर अंडी घालतात.

रुईचा प्रश्न वेगळाच. शनिवारी मारुतीला रुईची माळ, त्यामुळं शुक्रवारी संध्याकाळी लोक येऊन पानं ओरबाडून न्यायचे, अंड्यांसकट. श्रद्धेच्या गोष्टीला नाही म्हणायचं नव्हतं. मग रस्त्याकडच्या रुईची पानं माळेला, आतल्या रुईला हात नाही, असं ठरवलं, आणि पान तोडायच्या आधी मागून बघा, पांढरा बारीक ठिपका दिसला तर ते सोडा. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका हेही पाटीवर लिहिलं.

पण कॉलनीचं मन खऱ्या अर्थानं वळलं ते त्याच वर्षी पितृ अमावस्येला. आमच्याकडं निम्मी घरं तेलुगू, पद्मशाली समाजाची. त्या दिवसापासून त्यांची बतुकम्मा सुरू होते, नऊ दिवस, फुलांचे थर रचून त्याभोवती बायका फेर धरतात. त्या फुलांत मानाची दोन, तंगेडु पूलु आणि गुनुगु पूलु. संध्याकाळी कढीपत्तावाल्या अक्का टोपली घेऊन ओपन स्पेसमध्ये आल्या आणि एकदम थांबल्या. "अगं बाई, हे तंगेडु इथंच आहे? आम्ही बाजारातून आणायलोय की!" तंगेडु म्हणजे आपला तरवड. गुनुगु म्हणजे कुरडू. ज्याला कॉलनी दोन महिने तण म्हणत होती ते त्यांचं सणाचं फूल निघालं. त्यांच्या सासूबाई हैदराबादकडच्या, त्यांनी पोरांना उभं करून कुठलं फूल कसं खुडायचं ते दाखवलं, झाड हलवायचं नाही, वरचं फूल घ्यायचं, खालची शेंग राहू द्यायची. पुढच्या मीटिंगला तण काढा म्हणणारा आवाज आलाच नाही, कारण अक्काच उठून बोलल्या. मला वाटतं शहरात निसर्ग परत आणायचा तर असल्या धाग्यांना धरूनच आणावा लागतो. आपल्याकडं कुठल्या ना कुठल्या घरात त्या झाडाला नाव असतं, काम असतं, सण असतो. फक्त ते नाव मीटिंगच्या टेबलावर येत नाही.

तरवडाच्या फुलाची एक गंमत पोरांनी शोधली. त्यात मध नसतोच, फक्त पराग, तोही पुंकेसराच्या टोकाच्या बारीक भोकातून बाहेर पडतो. काळा मोठा भुंगा येतो, फुलाला धरून पंखांच्या स्नायूंनी गुंगुं असा थरथराट करतो आणि पराग मिठासारखा सांडतो. वांग्याचं आणि टोमॅटोचं फूलही असंच थरथरून घ्यावं लागतं, मधमाशीला ते जमत नाही, भुंग्याला आणि निळ्या पट्ट्याच्या रानमाशीला जमतं. आता या निळ्या पट्ट्याच्या माशा पोळं करत नाहीत, उघड्या मातीत एकेकटी बीळ करून राहतात. आपल्याला मधमाशी म्हटलं की आग्या मोहोळ आठवतं, पण जगातल्या बहुतेक रानमाशा अशा एकट्या राहणाऱ्या आणि जमिनीत बीळ करणाऱ्याच आहेत. पेव्हर ब्लॉकखाली त्यांचं घर बंद होतं. आम्ही अर्धे पेव्हर काढले ते यासाठी, आणि मुरमाचा एक गुडघाभर ढीग उन्हात मुद्दाम उघडा ठेवलाय, त्यावर काही लावायचं नाही. एक वाळकं बाभळीचं खोडही पडू दिलंय, भुंगे त्यात भोकं पाडतात. या दोन गोष्टींना एक पैसा खर्च नाही.

यंदा गच्चीवर वांगी आणि शेवगा लावणाऱ्या तीन-चार घरांनी स्वतःहून सांगितलं की फळ चांगलं धरलं. हे मी मोजलेलं नाही, त्यांचं म्हणणं आहे. पण शेवग्यावर सकाळी भुंगे मी स्वतः बघते.

कापणी कधी

कुणी एकच गोष्ट विचारली तर मी ही सांगेन. सगळीकडं गणपती आणि दसऱ्याच्या आधी स्वच्छता म्हणून गवत कापतात. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, म्हणजे नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त अंडी, सुरवंट, कोष त्या गवतात असतात. प्लेन टायगरला अंड्यापासून पंखापर्यंत तीन-चार आठवडे लागतात, त्या काळात एकदा मशीन फिरवली की एक आख्खी पिढी गेली. आम्ही आता डिसेंबरात कापतो, गवताचं बी झडल्यावर, आणि तेही एका वर्षी दोन भाग, तिसरा तसाच ठेवतो. तो तिसरा भाग दरवर्षी बदलतो. कापलेलं गवत एक गवळी येऊन घेऊन जातात, ते तिथंच कुजू दिलं नाही, नाहीतर पुन्हा जमीन सुपीक होऊन गाजरगवत आलंच. जाळायचं तर अजिबात नाही.

डेंग्यूच्या फॉगिंगचा प्रश्न मात्र आमचा पूर्ण सुटलेला नाही. धूर फक्त उडणाऱ्या डासाला मारतो, आणि सोबत पतंग, माशा, जे उडतं ते सगळं. डेंग्यूचा डास गवतात वाढत नाही, तो आपल्या साठवलेल्या पिंपात वाढतो, आणि चार दिवसांआड पाणी म्हणजे पिंपं घरोघर. पोरांनी आठवड्याला एक दिवस घरोघरी पिंपं कोरडी करायचा कार्यक्रम धरला, टाक्यांत गप्पी मासे सोडले. धुराची गाडी आली की आम्ही विनंती करतो, गल्लीतून फिरवा, मैदानात नको. कधी ऐकतात, कधी नाही.

एवढ्या खटपटीनंतर आता काय दिसतं? घोळीवर डॅनेड एगफ्लाय. तिची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, कारण रुई खाल्ल्यामुळं प्लेन टायगर कडू असतं, पक्षी त्याला टाळतात, आणि त्याच्या वेशात हिलाही सोडतात. म्हणजे रुई नसेल तर प्लेन टायगर नाही, आणि प्लेन टायगर नसेल तर हिच्या वेशाला अर्थच नाही. ऑक्टोबरात खुळखुळा आणि भुरुंडीच्या सुकलेल्या काड्यांवर नर टायगर गुच्छानं बसतात, त्यांना मादीला ओढणारा वास बनवायला लागणारी द्रव्यं त्यातून मिळतात. नळाच्या गळतीच्या ओल्या मातीवर पिवळी फुलपाखरं क्षार शोषायला बसलेली असायची, तो नळ दुरुस्त केल्यावर पोरांनी तिथं मातीची परात ठेवली.

तेरा गुंठ्यांनी शहर बदलत नाही हे मला माहीत आहे. ग्रास ब्लूसारखं नखाएवढं फुलपाखरू फार लांब जात नाही, त्याला थोड्या थोड्या अंतरावर पुढचा तुकडा लागतो. पण सोलापुरात तुकडे आहेत. प्रत्येक ले-आउटला ओपन स्पेस आहे, संभाजी तलावाचा काठ आहे, रेल्वेच्या कडा आहेत, बंद मिलच्या मोकळ्या जागा आहेत, रस्त्यांचे दुभाजक आहेत. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक महापालिकेत जैवविविधता समिती असावी लागते आणि लोक जैवविविधता नोंदवही करावी लागते, त्या नोंदवहीत हे सगळे तुकडे आणि त्यातल्या वनस्पती आल्या पाहिजेत, म्हणजे जेसीबी लावण्याआधी कुणाला तरी विचारावं लागेल. आणि पालिकेच्या नर्सरीत तरवड, कोरांटी, आपटा, बोर यांची रोपं मिळाली पाहिजेत. लोक पैसे देऊन ड्युरांटा घेतात कारण तरवड कुठं विकतच मिळत नाही.

तोवर बी आमच्याकडं आहे. तरवडाच्या शेंगा पोरांनी जानेवारीत सोलल्या, तीन डबे भरलेत. साल टणक असते, गरम पाणी ओतून रात्रभर भिजवल्याशिवाय नीट उगवत नाही. कुरडूला तेवढंही लागत नाही, नुसतं फेकायचं. ज्यांना हवं त्यांनी मृगाच्या आधी न्यावं, आणि शेणखत आणू नका.